लोह आणि लोही

वडोद्याच्या दांडिया बाजारातलं औषधाचं दुकान, संध्याकाळची गर्दी. माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, तीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. खंडेराव मार्केटहून परस्पर आल्या असाव्यात. त्यांनी बाळाच्या वजनाची नोंद असलेलं, चार घड्यांचं सरकारी ममता कार्ड काउंटरवर उलगडलं आणि म्हणाल्या, "भाऊ, नातीचं वजन तीन महिने हललं नाही. काहीतरी लोहाचं द्या, अंगाला लागेल असं." दुकानातला मुलगा गुजराती, पण या बाजारात वाढलेला, त्यामुळे मराठी समजणारा. त्यानं विचारलं, "मासी, लोही ओछुं छे?" आजी म्हणाल्या, "हो, लोहीच कमी असणार. फिकी दिसते." एक बाटली खाली आली, "रोज एक चमची" एवढं सांगून झालं, सुट्टे पैसे परत मिळाले आणि आजी रावपुऱ्याच्या दिशेनं चालू लागल्या. जेमतेम दीड मिनिट गेलं असेल. कार्ड उलगडलेलं होतं तेवढ्यात आकडे दिसले होते: अकराव्या महिन्यात आठ किलो, चौदाव्यात आठ किलो दोनशे. या वयात महिन्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजन वाढावं लागतं, म्हणजे तीन महिन्यांत सहा-सातशे ग्रॅम. पोर अजून कुपोषणाच्या रेषेच्या वर होती, पण रेघ आडवी झाली होती. कार्डावर आपण पाहायचं असतं ते रेघेचं वळण. आजींनी ते बरोबर ओळखलं होतं.

तरी ते दीड मिनिट मनातून जाईना.

वडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला एक गंमत रोज कानावर पडते. आपलं लोह म्हणजे धातू, त्यांचं लोही म्हणजे रक्त. दोन्ही शब्दांच्या मुळाशी तोच लाल रंग आहे. रक्ताच्या लाल पेशीत धातू असतो हे भाषेला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी सुचलं, याचं मला नेहमी नवल वाटतं. पण ही जवळीक फसवीही आहे. लोही कमी म्हणून लोह, लोह वाढलं की लोही, लोही वाढलं की अंग भरणार, अशी साखळी घराघरांत पक्की बसली आहे. तिची पहिली कडी बरीचशी खरी आहे. शेवटची कडी कधी खरी ठरते, तर कधी थेट उलटी.

आधी खरी ठरते ती बाजू सांगते, कारण तिचा एक मोठा पुरावा याच शहरातला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आहार व पोषण विभागानं या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. भाटिया आणि शेषाद्रींचा १९९३चा अभ्यास बालवाडीच्या वयाच्या मुलांवर होता. रक्तक्षय असलेल्या मुलांची वाढ लोह दिल्यावर सुधारलेली त्यात दिसली. पुढे शुभदा कनानी आणि रश्मी पूजारा यांनी वडोद्यातल्या १० ते १८ वर्षांच्या मुलींना तीन महिने रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं. तो अभ्यास २००० साली छापून आला. नव्वदपैकी पंच्याऐंशीहून जास्त गोळ्या घेणाऱ्या मुली ९० टक्के होत्या, आणि या कामात हाच भाग सर्वांत अवघड असतो. हिमोग्लोबिन (१०० मिलिलिटर रक्तामागे) सरासरी १.७ ग्रॅमनं वाढलं आणि वजन ८३० ग्रॅमनं. गोळ्या न मिळालेल्या मुलींचं वजन जवळजवळ तिथंच राहिलं. १० ते १४ या वयात फरक जास्त दिसला, कारण शरीर तेव्हा उंचावण्याच्या घाईत असतं. तीन महिन्यांत आठशे ग्रॅम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण या गोळीत उष्मांक नसतात. त्या मुलींच्या ताटात कुणी तूप वाढलं नव्हतं. त्यांची भूक परत आली आणि त्या जास्त जेवल्या, हाच त्याचा सर्वांत सरळ अर्थ लागतो.

भूक परत येते ती रक्त वाढायच्या आधी, हे फार थोड्यांना माहीत असतं. लोह फक्त हिमोग्लोबिनात नसतं. पेशीपेशीतल्या, अन्नाची ऊर्जा करणाऱ्या कितीतरी विकरांना (एन्झाइम्सना) ते लागतं. खरोखर कमतरता असलेल्या मुलाला औषध सुरू केलं की पहिल्या दिवस-दोन दिवसांत आधी ही विकरं जागी होतात. चिडचिड कमी होते, पोर ताटाकडे हात करू लागतं. दोन-तीन दिवसांनी मज्जेतून कोवळ्या लाल पेशी बाहेर पडू लागतात, आठवड्याच्या सुमारास त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. हिमोग्लोबिन चढायला मात्र महिना लागतो, चार आठवड्यांत निदान १ ग्रॅम. त्यानंतर दोन-तीन महिने कोठार भरण्यात जातात. घरोघरी चूक होते ती इथेच: महिन्याभरात गाल गुलाबी दिसले की बाटली बंद. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यावरही दोन ते तीन महिने औषध चालू ठेवावं लागतं, नाहीतर पहिल्या तापात किंवा वाढीच्या पहिल्या उसळीत कोठार पुन्हा रिकामं. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणारं मूल हे करायचं थांबलं, की औषध लागू पडतंय असं खुशाल समजावं. मातीकडे अशी ओढ घेणारी मुलं आयांनी ओरडून सुधारत नाहीत, लोहानं सुधारतात.

वाढ आणि लोह यांचा हिशेब एकदा मांडून पाहिला की पुष्कळ गोष्टी सुटतात. मुलाच्या शरीरात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त. १०० मिलिलिटरमध्ये १२ ग्रॅम हिमोग्लोबिन हवं असेल तर किलोमागे साडेनऊ ग्रॅम झालं. १ ग्रॅम हिमोग्लोबिनात ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे वजन एक किलोनं वाढायचं तर नुसत्या रक्तापुरतं ३२-३३ मिलिग्रॅम लोह शरीरात शिरायला हवं. स्नायू आणि साठा वेगळे. अन्नातलं दहा टक्के लोह शोषलं गेलं असं उदारपणे धरलं तरी पोटात सव्वातीनशे मिलिग्रॅम जायला हवं. पोळी-वरण-भातावर शोषण याहूनही कमी होतं. दिवस भरून जन्मलेलं तीन किलोचं बाळ आईकडून साधारण २२५ मिलिग्रॅम घेऊन येतं. ते चार ते सहा महिने पुरतं. मग वजन तिप्पट होत असताना शिदोरी संपते, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला भाताची पेज भरवायला लागतो.

म्हणून मला वाटतं, ते वाक्य उलटं म्हणायला हवं. लोह वजन आणत नाही, वजनाला लोह लागतं.

याची सर्वांत कडक साक्ष पोषण पुनर्वसन केंद्रात मिळते. अतितीव्र कुपोषित मूल दाखल होतं तेव्हा ते पांढरं फटक असतं, आणि तरीही पहिल्या टप्प्यात त्याला लोह देत नाहीत. आईला ते बघवत नाही. पण त्या अवस्थेत लोहाला धरून ठेवणारं प्रथिनच रक्तात कमी पडलेलं असतं. मोकळं लोह पेशींना इजा करतं आणि जंतूंना खाद्य पुरवतं. आधी साखर, ऊब, प्रतिजैविकं आणि हलकं दूध. मग भूक परतते, वाढीचं दाट दूध सुरू होतं, काटा वर सरकू लागतो, आणि त्यानंतर रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह. इतक्या निकराच्या प्रसंगात वजनाची सुरुवात आधी आणि लोह नंतर, हा क्रम पुष्कळ जिवांच्या किमतीवर शिकलेला आहे.

आता उलटी बाजू. १९९४ साली इंडोनेशियातला एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. १२ ते १८ महिन्यांची मुलं निवडली ती मुद्दाम लोह पुरेसं असलेली. निम्म्यांना चार महिने रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं पाणी. औषध नसलेल्या गटाचं वजन पंधरवड्याला १०६ ग्रॅमनं वाढलं, लोह घेणाऱ्यांचं ७० ग्रॅमनं. म्हणजे वाढ एक तृतीयांशानं मंदावली. पुढे स्वीडन आणि होंडुरासच्या तान्ह्या मुलांत पुरेसं लोह असताना जादा दिलं, तेव्हा लांबीची वाढ कमी भरली. भारतातल्या मुलांतही हाच धडा निघाला: कमतरता असलेली वाढली, भरलेली मागे पडली. सगळी मुलं एकत्र मोजली की दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात आणि 'लोहाचा वाढीवर परिणाम नाही' असा सपाट निष्कर्ष निघतो. तो सरासरीचा निष्कर्ष आहे, आणि कुठल्याही आजीची नात सरासरी नसते.

असं का होत असावं याची काही कारणं हाताशी आहेत. न शोषलेलं लोह आतड्यातच पडून राहतं. शौच काळं होतं ते त्यामुळेच. दही-ताकातल्या जातीच्या जंतूंना लोहाची फारशी गरज नसते, रोग करणाऱ्या बऱ्याच जंतूंना असते. आफ्रिकेतल्या मुलांत लोह दिल्यावर आतड्यातला हा तोल वाईटाकडे झुकलेला आणि आतड्याची सूज वाढलेली आढळली. शिवाय जस्त आणि लोह आत शिरताना एकमेकांना अडवतात, आणि वाढीला जस्तही हवंच. झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावर, जिथे हिवताप घरोघरी होता, तिथे सरसकट लोह मिळालेल्या लहान मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू इतके वाढले की तो भाग मध्येच थांबवावा लागला. तिथेही आधीपासून कमतरता असलेल्या मुलांना लोहाचा फायदाच झालेला दिसला. वडोद्यातली परिस्थिती तितकी टोकाची नाही. पण विश्वामित्रीच्या काठानं पावसाळ्यात ताप कसा फिरतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. ताप, जुलाब, खोकल्याची घरघर असेल तेवढे दिवस लोह थांबवायचं. तापात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडून लोहाचा दरवाजा लावून घेतं. त्या काळात दिलेला डोस नुसता पोटात जळजळ करतो.

हे सगळं वाचून कुणी सरकारी बाटली फेकून देऊ नये, म्हणून थोडं थांबून सांगते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ७९.७ टक्के मुलांत रक्तक्षय सापडला. पाचात चार. जिथे इतकी मुलं रिती आहेत तिथे प्रत्येकाचं रक्त तपासत बसण्यापेक्षा थोडं लोह सर्वांना देणं शहाणपणाचं ठरतं, आणि 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत'मधला डोस थोडाच आहे: पाच वर्षांखाली आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह. ५० मिलिलिटरची बाटली सहा महिने पुरावी असं गणित आहे. पाच ते नऊ वर्षांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, ४५ मिलिग्रॅमची. दहा ते एकोणीसला निळी, ६० मिलिग्रॅमची. हा प्रतिबंधाचा डोस झाला. उपचाराचा डोस रोजचा आणि वजनावर मोजलेला असतो. घोटाळा होतो तो या दोन डोसांची सरमिसळ झाल्यावर. अंगणवाडीची बाटली चालू, वर दुकानातलं टॉनिक, त्यावर शेजारणीनं सुचवलेलं पूड मिसळलेलं दूध.

आणि चमचा. मला सतावणारा शब्द तोच होता, 'एक चमची'.

दुकानात मुलांसाठी दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये दहा, वीस, पंचवीस मिलिग्रॅम लोह असू शकतं. सिरपच्या बाटलीत लोह पाच मिलिलिटरमध्ये पसरलेलं असतं. आठ किलोच्या मुलीला उपचाराचा डोस किलोमागे ३ धरला तर दिवसाला २४ मिलिग्रॅम. पंचविसाच्या थेंबांतले ते १ मिलिलिटरहून किंचित कमी. पाच मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या सिरपमधले ते अडीच मिलिलिटरच्याही आत. घरातला चमचा तीन मिलिलिटरचा असतो किंवा सातचाही असतो. श्रीखंडाचा वेगळा, चहाचा वेगळा. पाच मिलिलिटरची चमची धरली, तर थेंबांच्या बाटलीतलं औषध 'एक चमची' पाजलं की पाचपट डोस गेला. बाटलीवर वाचायचं ते 'मूलद्रव्य लोह' किंवा 'एलिमेंटल आयर्न' या शब्दांपुढचा आकडा. मोठ्या अक्षरात छापलेलं क्षाराचं वजन फसवतं: फेरस फ्युमरेटमध्ये लोह सुमारे ३३ टक्के असतं, ग्लुकोनेटमध्ये अवघं १२. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज थोड्या पैशांत मिळते. त्यावर पेनानं एक रेघ ओढून द्यावी. औषध जिभेच्या मागच्या भागावर, गालाच्या आतून सोडलं तर दात काळवंडत नाहीत. काळवंडलेच तर घासून जातात, तो डाग वरचा असतो.

याहून गंभीर गोष्ट आईच्या गोळ्यांची. बाळंतपणानंतर १८० दिवस आईला रोज ६० मिलिग्रॅमची लाल गोळी घ्यायची असते. गोळी चकचकीत, वरून गोडसर, चॉकलेटच्या गोळीसारखी. आठ किलोच्या पोरानं तशा आठ-नऊ गोळ्या गिळल्या तर जिवावर बेततं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे उलट्या-जुलाब, ६०च्या पुढे जीवघेणी विषबाधा. उलट्या थांबून मूल काही तास शांत वाटतं, हाच सापळा असतो. रिकामी पट्टी हातात घेऊन तडक मोठं इस्पितळ गाठायचं, वाट पाहायची नाही. गोळ्या फ्रिजवर किंवा देवघराच्या कोनाड्यात ठेवलेल्या मी किती घरांत पाहिल्या आहेत. चौदा महिन्यांचं मूल जिथं पोचत नाही, तिथं सोळा महिन्यांचं पोचतं.

पाजण्याच्या वेळेचं म्हणाल, तर दोन जेवणांच्या मधली वेळ चांगली, सोबत लिंबू-पाणी, पेरूचा गर किंवा आवळ्याचा रस. दूध आणि चहा दोघांनाही तासभर लांब ठेवायचं. चहात भाखरी बुडवून भरवण्याची सवय या गावाला आहे. चहा त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह अडवतो. फार पोट दुखलं तर जेवणानंतर द्या, शोषण घटेल पण औषध चालू राहील, आणि ते महत्त्वाचं. स्वयंपाकघराकडून जेवढी मदत होते तेवढी घ्यावी. बाजरी, मोड आलेले मूग-मटकी, आंबवलेलं पीठ, मांसाहार चालत असेल तर खिमा. पालकात लोह असतं पण शरीराला त्यातलं फारसं मिळत नाही, आणि गुळाचा खडा व दोन खजूर यांच्या भरवशावर रक्तक्षय बरा होत नाही. लोखंडी कढईचं मात्र खरं आहे. आमसूल घातलेलं वरण किंवा चिंचेची आमटी तीत खदखदली की रंगाला काळपट छटा येते, जिभेला धातूची चव जाणवते, तेच लोह. आंबट, पातळ आणि वेळ घेऊन शिजणारा पदार्थ असेल तर कढई जास्त देते, कोरडी भाजी परतली तर कमी. त्या कढया माळ्यावर गेल्या, कारण पांढऱ्या भाजीला काळा रंग चढतो म्हणून सुनेला बोलणी बसत. ते बोलणं आठवलं की वाईट वाटतं.

आणखी एक तपासणी वडोद्यात विसरता कामा नये. लोहाणा, सिंधी, कच्छी भानुशाली समाजात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक जास्त आढळतात. पूर्वेला छोटाउदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा तसाच दुसरा विकार आहे. 'आपल्या मराठ्यांत नसतं' हे गैरसमजुतीचं बोलणं. असतं, प्रमाण कमी. थॅलेसेमियाच्या वाहकाचं हिमोग्लोबिन नऊ-दहावर अडकलेलं असतं, लाल पेशी बारीक असतात आणि संख्येनं मात्र भरपूर. साध्या रक्ततपासणीच्या कागदावर पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, याला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या आकड्यानं भागा. उत्तर तेराच्या खाली आलं तर लोहाआधी थॅलेसेमियाची शंका घ्यावी आणि हिमोग्लोबिन ए-टू तपासून घ्यावं. महिना नीट औषध दिलं, चमचा बरोबर होता, तरी हिमोग्लोबिन १ ग्रॅमनंही हललं नाही, तर दुसरी बाटली आणू नये, कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं.

आजींच्या नातीकडे परत येते. फिकी पोर, आडवी रेघ, चौदा महिने. तिथं मी विचारलं असतं तर पहिला प्रश्न दुधाचा असता. या वयात वजन अडलेल्या घरांत फार वेळा असं दिसतं की पोर जेवत नाही म्हणून बाटलीनं दूध, आणि दुधानं पोट भरलं म्हणून पोर जेवत नाही. दिवसाला लिटरभर दूध पिणारी मुलं गुटगुटीत दिसतात किंवा किरकिरी, पण रक्तात रिकामी असतात. गाईच्या लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही अडवतं. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, बाटलीऐवजी पेल्यातून दिलं, आधी मऊ खिचडीवर तुपाची धार आणि मग दूध असा क्रम लावला, तर कित्येकदा पंधरा दिवसांत काटा हलतो. लोहही बहुधा लागणार. आजींचा अंदाज पाचात चार वेळा बरोबर ठरेल असंच राज्याचे आकडे सांगतात, म्हणून त्यांना चूक म्हणवत नाही. पण ही नात पाचवी असेल तर? बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ते कळतं, सरकारी दवाखान्यात फुकट.

त्या संध्याकाळी माझ्या मागे रांग होती आणि आजी पायऱ्या उतरल्याही होत्या. आता ती बाटली त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर असेल. चार दिवस वापरली की झाकणाच्या आट्यांत तांबूस थर धरतो, उघडताना ओल्या खिळ्यांसारखा वास येतो. शेजारी चमचा असेल. कोणता, हे विचारायचं राहून गेलं.